उभी न राहणारी बाहुली: एका प्रीऑर्डरचं प्रकरण

या लेखातून नावं काढून टाकली आहेत आणि कुणाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. बाहुलीचं वर्णनही लागेल तेवढंच दिलं आहे.

## पार्श्वभूमी

व्होल्क्स या जपानी कंपनीने १९९९ मध्ये ‘सुपर डॉल्फी’ आणली. रेझिन म्हणजे साच्यात ओतून घट्ट होणारं प्लॅस्टिक. त्याच्या बॉल-जॉइंटेड, म्हणजे गोळ्याच्या सांध्यांच्या बाहुल्यांचा (थोडक्यात बीजेडी) आजचा छंद तिथून सुरू झाला असं सहसा धरलं जातं. गोळ्याचे सांधे त्याआधीही होते. हान्स बेलमर या कलाकाराने १९३० च्या दशकात तशा बाहुल्या केल्या आणि पुढे योत्सुया सिमोनसारख्या जपानी कलाकारांनी त्यावरून प्रेरणा घेतली. पण त्या बाहुल्या कलाकृती होत्या. त्यांनी कसं उभं राहायचं, कसं पडायचं, हे कलाकार ठरवत असे. १९९९ नंतरच्या बाहुलीचं डोकं उघडतं, डोळे आणि विग बदलता येतात, चेहऱ्याचा रंग पुसून नव्याने फेसअप, म्हणजे चेहऱ्याची रंगरंगोटी, करता येतो आणि ती मालकाच्या मर्जीने उठते-बसते. स्वतंत्र कलाकाराची बीजेडी घेणाऱ्याला या दोन्ही परंपरा एकाच वस्तूत हव्या असतात: बघत राहावी अशीही हवी आणि हवी तशी बसवता यावी अशीही. या प्रकरणातली सगळी ओढाताण त्यातून आलेली आहे.

या प्रकरणातल्या कलाकार एकट्याच काम करतात. त्यांच्या आधीच्या दोन बाहुल्या तळहाताएवढ्या होत्या, कोपर-गुडघ्याला एकेरी सांधा असलेल्या. त्या त्यांनी मातीत घडवल्या, साचेही स्वतः केले आणि ओतल्याही स्वतःच. चेहऱ्यांवर लोक भाळले. विकत घेतलेल्यांपैकी फार कमी जणांनी त्या पुढे विकल्या.

नवी बाहुली बऱ्याच अर्थांनी वेगळी होती. उंची ४३ सेंटिमीटर, म्हणजे छंदात ज्याला एमएसडी म्हणतात त्या मापाची. गुडघे आणि कोपरं दुहेरी सांध्यांची. शिल्प संगणकावर केलेलं, रेझिन प्रिंटरवर छापलेलं आणि वर प्रायमर मारून पॉलिश पेपरने घासलेलं. दुहेरी सांध्यांमुळे भागांची संख्या वाढली होती, एकटीने ओतणं झेपणारं नव्हतं, म्हणून ओतकाम बाहेरच्या कार्यशाळेला द्यायचं ठरलं होतं.

घोषणेसोबत मोजके फोटो आले. बहुतेकांत करड्या प्रायमरमधला प्रोटोटाइप आणि एकात रंगवलेला चेहरा. प्रीऑर्डर महिन्याभरात उघडणार होती. तीस टक्के रक्कम आगाऊ, ती परत मिळणार नाही, आणि उरलेली दोन हप्त्यांत. जुन्या ग्राहकांपैकी काहींनी यादीत नाव पक्कं राहावं म्हणून छोटी टोकन रक्कम घोषणेआधीच दिलेली होती. त्या टोकनकडे तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

संग्राहकांच्या ज्या जुन्या गटात ही चर्चा झाली त्यात मी आहे. ही बाहुली मी घेणार नव्हते, त्यामुळे माझं त्यात काही अडकलेलं नव्हतं. बाहेरून बघणाऱ्याला जे दिसतं ते लिहिते आहे.

## अडचण

पहिले काही दिवस चेहऱ्यातच गेले. ओठ उघडे आणि आत दात दिसतात, ते कुणाला आवडलं, कुणाला भीतिदायक वाटलं. डावा डोळा उजव्यापेक्षा जरा खाली आहे, तो मुद्दाम की चुकून, यावर वाद झाला. कुणीतरी शंका काढली की शिल्प तयार थ्रीडी मॉडेलवर बेतलेलं असावं. कलाकारांनी कामाच्या टप्प्यांची चित्रं दाखवली आणि ते तिथेच मिटलं. डोळ्यांबद्दल त्या एवढंच म्हणाल्या, ‘माणसाचे डोळे तरी कुठे सारखे असतात?’

मग एकांनी गुडघ्याकडे बोट दाखवलं. हे गृहस्थ गटातल्या इतरांच्या बाहुल्यांचं इलॅस्टिक बदलून देतात, तुटलेले हुक बसवून देतात; गट त्यांना दुरुस्तीवाले म्हणतो. त्यांनी एवढंच विचारलं: ‘एकाही फोटोत ती कशाचा आधार न घेता उभी का नाही?’

परत बघितल्यावर खरंच तसं होतं. एका फोटोत ती भिंतीला टेकली होती, एकात बसली होती, एकात गुडघ्यापर्यंत कापड होतं. एकात उभी होती, पण कंबरेमागे स्टँडची सावली पडलेली. बसलेल्या फोटोत गुडघा मात्र अप्रतिम दिसत होता, मांडी आणि पोटरी जवळजवळ एकमेकींना टेकलेल्या. त्याच फोटोत गुडघ्याच्या मागे इलॅस्टिकचं छिद्र दिसत होतं आणि दुरुस्तीवाल्यांची शंका त्याच छिद्रावरून आली होती.

इथे थोडं आत शिरावं लागेल, कारण हा मुद्दा कळल्याशिवाय पुढचं काहीच कळत नाही. बीजेडी आतून पोकळ असते. मांडीतून आलेलं इलॅस्टिक गुडघ्याच्या तुकड्यातून पोटरीत उतरतं आणि घोट्यापाशी एस-हुकला अडकतं. बाहुली उभी राहते ती या ताणावर. पाय सरळ असताना इलॅस्टिकची रेषा सांध्याच्या अक्षाच्या किंचित पुढून जात असेल, तर पाय मागे दुमडायला इलॅस्टिक आणखी ताणावं लागतं. म्हणून पाय आपणहून सरळ राहायला बघतो, आणि पुढची कड त्याला उलटा वाकू देत नाही. हीच रेषा अक्षाच्या मागून गेली की इलॅस्टिकच पाय दुमडतं; बाहुली उभी केली की गुडघ्यातून बसते. पण बसवलेल्या बाहुलीत रेषा मागेच गेलेली हवी, नाहीतर दुमडलेला पाय सुटतो आणि लाथ मारल्यासारखा सरळ होतो. दोन्ही साधायला गुडघ्याच्या मागच्या बाजूला लांबट खाच देतात. उभं असताना इलॅस्टिक पुढे राहतं, बसवताना खाचेतून सरकून मागे जातं. दुहेरी सांध्यात असे दोन अक्ष असतात, म्हणजे चुकायच्या जागाही दोन.

फोटोत छिद्र मागे होतं आणि खाच आखूड. बसण्यासाठी उत्तम, उभं राहण्यासाठी धोक्याची मांडणी.

‘पण प्रोटोटाइप तर भिंतीला टेकून का होईना उभा आहे,’ असं काहींचं म्हणणं. त्याचंही उत्तर आलं. प्रायमर मारलेला पृष्ठभाग खरखरीत असतो, घर्षणाने सांधा अडकून राहतो. पॉलियुरेथेन रेझिनमध्ये ओतलेला आणि घासून गुळगुळीत केलेला तोच सांधा घसरतो. शिवाय प्रायमरच्या थरांनी गोळा आणि वाटी यांच्यातली फट कमी झालेली असते. फोटोसाठी काही जण सांध्यांमधून तारही घालतात. इथे तसं केलं होतं असं कुणी म्हणालं नाही, पण शक्यता मनात आलीच.

मग गट दुभंगला. एका बाजूचं म्हणणं, बीजेडीला चामडं लावावंच लागतं, त्यात काय मोठं. सांध्याच्या वाटीत पातळ चामड्याचा तुकडा किंवा ग्लू-गनच्या गोंदाचा थर लावला की घर्षण वाढतं आणि पोझ टिकते, हे खरं आहे. माझ्या मते ही तुलना चुकीची होती. चामडं सांधा मनासारखा बसवायला असतं. अक्ष आणि इलॅस्टिक यांची मांडणीच उलटी असेल तर चामड्याने चूक थोडा वेळ लपते, आणि इलॅस्टिक घट्ट केलं की पुन्हा वर येते.

दुसऱ्या बाजूने सूर चढवला. ‘कलाकार फसवतायत’ इथपर्यंत मजल गेली. त्याला काहीच आधार नव्हता.

खरी अडचण गुडघ्याच्याही अलीकडे होती. रेझिनमध्ये ओतलेली बाहुली तोपर्यंत अस्तित्वातच नव्हती. कलाकारांनी टेस्ट कास्ट, म्हणजे चाचणीपुरती रेझिनची ओतणी, केलेला नव्हता. म्हणजे ती रेझिनमध्ये उभी राहते की नाही हे कुणालाच माहीत नसताना, कलाकारांनाही माहीत नसताना, परत न मिळणारे पैसे घेतले जाणार होते.

## समोर असलेले पर्याय

संग्राहकांपुढे गप्प बसणं हा एक मार्ग होता. ज्याला घ्यायची तो घेईल, ज्याला शंका आहे तो थांबेल. कंपनीच्या बाहुलीच्या बाबतीत हे चालून जातं, कारण त्यांची शरीरं आधी शेकडो लोकांनी वापरलेली असतात आणि नवं फक्त डोकं असतं. स्वतंत्र कलाकाराच्या बाबतीत एक शरीर, एकच साच्यांचा संच. चूक निघाली तर ती सगळ्यांच्याच बाहुलीत असते.

दुसरा मार्ग जाहीर टीका, जी अर्धी सुरूच झालेली होती. त्यात दबाव असतो पण माहिती कमी असते. ‘गुडघा वाईट आहे’ एवढंच ऐकून कलाकार काय बदलणार?

तिसरा, एकच पत्र, मोजक्या प्रश्नांचं, गटातल्या एकाच माणसाने लिहिलेलं. त्यात जोखीम अशी की पत्र खाजगी राहिलं तर गटाबाहेरच्या खरेदीदारांना काही कळत नाही. ही जोखीम पुढे खरी ठरली.

चौथा मार्ग कुणीच गांभीर्याने घेतला नाही आणि तो मला अजूनही सगळ्यात शहाणा वाटतो: पहिली तुकडी सोडून द्यायची आणि दुसरीला ऑर्डर करायची. कुणालाच थांबायचं नव्हतं, कारण दुसरी तुकडी होईलच याची खात्री एकट्या कलाकाराच्या बाबतीत नसते. सिलिकॉनचा साचा फार टिकत नाही. काही डझन ओतणींनंतर पृष्ठभाग खरखरीत होऊ लागतो, बोटांच्या बेचक्या आणि कानाच्या कडा फाटू लागतात, आणि मग नव्याने साचे करायचे की काम थांबवायचं हा प्रश्न येतो. बरेच कलाकार तिथे थांबतात आणि पुढच्या शिल्पाला लागतात.

कलाकारांपुढचे पर्याय जास्त अवघड होते. ठरल्याप्रमाणे प्रीऑर्डर उघडणं, पैसे येणं, त्या पैशांत साचे आणि ओतकाम करणं, हा छंदातला नेहमीचा क्रम. त्यांनाही तोच सोयीचा होता, कारण टेस्ट कास्टसाठी आधी साचे करावे लागतात आणि साच्यांचा खर्च बाहुली विकण्याआधीचा. दुसरा पर्याय, प्रीऑर्डर पुढे ढकलून फक्त पायांचा साचा करून बघायचा. तिसरा, सध्या नुसती डोकी विकायची. ज्यांना चेहरा आवडला होता ते दुसऱ्या कुणाच्या शरीरावर डोकं बसवू शकले असते. हा मोहक पर्याय होता, पण त्यात मानेचा घेर जुळायला हवा आणि रेझिनचा रंगही जुळायला हवा. दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या ‘नॉर्मल’, म्हणजे त्वचेच्या नेहमीच्या, रंगांत एक पिवळट आणि दुसरा गुलाबी निघणं ही रोजची गोष्ट. चौथा पर्याय कमी संख्येने ओतून पाहण्याचा. पण साच्यांचा खर्च बाहुल्या कमी म्हणून कमी होत नाही, त्यामुळे एका बाहुलीची किंमत वाढली असती.

## काय केलं गेलं

पत्र दुरुस्तीवाल्यांनीच लिहिलं. लहान होतं. रेझिनमध्ये ओतलेले पाय आधाराशिवाय उभे आहेत असा, मधे कट नसलेला व्हिडिओ मिळेल का? एका साच्यातून किती ओतण्या काढणार? बुडबुडे, वाकडे भाग, फाटलेल्या कडा निघाल्या तर भाग कोण आणि कधी बदलून देणार? आगाऊ रक्कम नेमकी कशाला वापरणार? चेहऱ्याबद्दल एक शब्द नव्हता. गुडघ्याचं एक रेखाटन मात्र जोडलं होतं, इलॅस्टिकची रेषा आणि दोन्ही अक्ष दाखवून.

ते रेखाटन जोडणं हा मला या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय वाटतो. ‘तुमची बाहुली उभी राहणार नाही’ हे वाक्य ऐकून कुणीही खवळेल. रेखाटनावर खवळता येत नाही, ते तपासावं लागतं.

काही दिवस उत्तर आलं नाही. त्या काळात गटात पुन्हा कुजबुज सुरू झाली आणि एकाने तर, ‘एवढं थांबण्यापेक्षा रीकास्ट येईल तेव्हा बघू,’ असं लिहिलं. रीकास्ट म्हणजे कलाकाराच्या परवानगीशिवाय ओतलेली नक्कल. नक्कल ओतणाऱ्यांच्या बाजूने गटात कुणी बोलत नाही, त्यामुळे त्याला लगेच झापलं गेलं.

मग कलाकारांचं उत्तर आलं, मोकळं आणि नीट. टेस्ट कास्ट झालेला नाही हे त्यांनी मान्य केलं. प्रीऑर्डर दोन महिने पुढे ढकलल्याचं जाहीर केलं. पायांचे साचे स्वतःच्या खर्चाने करून एक जोडी पाय गटातल्या एका अनुभवी संग्राहक बाईंकडे चाचणीला पाठवायचं ठरवलं.

चाचणीत एक अनपेक्षित गोष्ट निघाली. उजवा गुडघा कसाबसा उभा राहत होता, डावा कोसळत होता. संगणकात डावा पाय उजव्याचं आरशातलं रूप होता, मग फरक का? उत्तर प्रिंटनंतरच्या हातकामात सापडलं. प्रिंटच्या थरांच्या रेषा घालवताना डाव्या गुडघ्याची पुढची कड थोडी जास्त घासली गेली होती. जी कड पायाला उलटा वाकण्यापासून अडवते तीच कमी झाल्यामुळे पाय सरळपणाच्या पलीकडे जरासा जायचा, इलॅस्टिकची रेषा हलायची आणि सांधा जागा सोडायचा. दुरुस्तीवाल्यांचा अंदाज छिद्राबद्दल बरोबर होता, पण अपुरा होता. फोटोवरून एवढंच दिसू शकतं.

दुरुस्ती तीन ठिकाणी झाली. वरच्या अक्षापाशी छिद्र किंचित पुढे घेतलं. मागची खाच लांबवली, म्हणजे बसताना इलॅस्टिकला मागे जायला जागा मिळाली. पुढची कड जाड केली, एवढी की हाताने घासतानाही काही शिल्लक राहावी. नव्या भागांचा पुन्हा साचा, पुन्हा चाचणी. मग पूर्ण बाहुलीचा टेस्ट कास्ट आणि व्हिडिओ, ज्यात ती काही मिनिटं नुसती उभी आहे. कंटाळवाणा व्हिडिओ. गटात तो पुन्हा पुन्हा पाहिला गेला.

अटीही बदलल्या. आगाऊ रक्कम तीसच टक्के राहिली, पण टेस्ट कास्टचा व्हिडिओ दाखवल्यानंतरच घेतली गेली, आणि ओतकाम कार्यशाळेत सुरू होईपर्यंत ती परत मागता येईल असं लिहून दिलं. बाहुल्यांची संख्या पहिल्या साच्यांतून चांगल्या निघतील तेवढ्यावर थांबवली.

## परिणाम

गुडघा जमला. ज्यांच्याकडे बाहुल्या पोचल्या त्यांच्यातल्या बहुतेकांनी उभं राहण्याबद्दल समाधान सांगितलं. काहींनी चामडं लावलंच, पण ते त्यांच्या आवडीने.

मात्र एक गोष्ट गेली. पहिल्या फोटोंमधला तो बारीक, बाजूने जवळजवळ सरळ उतरणारा गुडघा राहिला नाही. पुढची कड जाड झाल्याने सरळ पायाच्या रेषेत एक उंचवटा दिसतो. ज्या संग्राहक बाहुलीला पाय लांब करून बसवतात आणि काचेच्या कपाटात ठेवतात त्यांच्यासाठी हे नुकसानच होतं. त्यातल्या एकीने सरळ लिहिलं, ‘माझी बाहुली कधी उभीच राहणार नव्हती, मग माझ्या गुडघ्याचा बळी कशाला?’ यावर गटात कुणाकडे चांगलं उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही. तिला हवी होती ती बघायची बाहुली, आणि चर्चेत आवाज मोठा होता तो पोझ देणाऱ्यांचा.

रेझिनच्या रंगाचाही घोळ झाला. डोकी आधीच्या दिवशी ओतली गेली, शरीरं नंतर. रंगद्रव्य प्रत्येक वेळी नव्याने मिसळावं लागतं, आणि काही बाहुल्यांत मान आणि डोकं यांच्या रंगात फरक दिसत होता. चेहरा रंगवल्यावर तो बऱ्यापैकी झाकला गेला. एक-दोघांनी भाग बदलून मागितले आणि त्यांना ते मिळाले. उशीर मात्र सांगितला होता त्यापेक्षा जास्त झाला. कार्यशाळेकडे इतरांचंही काम असतं, आणि प्रत्येक भागावरच्या साच्याच्या जोडाच्या रेषा घासणं, तेही धूळ फुफ्फुसात जाऊ नये म्हणून पाण्याखाली, घाईत होत नाही.

टोकन दिलेल्यांची गोष्ट मागाहून कळली. बाहुली बदलली, तारीख बदलली, अटी बदलल्या, पण टोकन दिलेल्यांना वेगळं काही कळवलं गेलं नव्हतं. ज्यांनी विचारलं त्यांना कलाकारांनी लगेच पैसे परत केले. ज्यांनी विचारलं नाही त्यांचे पैसे ऑर्डरमध्ये धरले गेले. त्यातल्या काहींना बदललेल्या गुडघ्याची बातमी बाहुली हातात आल्यावर मिळाली.

## वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट कलाकारांच्या बाजूची. प्रोटोटाइपच्या फोटोंवर ‘हा प्रोटोटाइप आहे, रेझिनमध्ये ओतून पाहिलेला नाही’ असं लिहिलं असतं तर अर्धा वाद झालाच नसता. प्रोटोटाइपचे फोटो दाखवणं यात काहीच गैर नाही; शिल्प तिथेच सगळ्यात सुंदर दिसतं. पण फोटो शिल्पाची ओळख करून देतात आणि पैसे शरीरासाठी घेतले जातात, हा फरक खरेदीदाराला सांगायला हवा.

टोकनबद्दल माझं मत कडक आहे. ज्या दिवशी गुडघ्याची रचना बदलायचं ठरलं, त्या दिवशी सगळ्या टोकनधारकांना एकसारखं पत्र जायला हवं होतं: बदल काय आहे, पैसे परत हवेत का, कधीपर्यंत सांगायचं. विचारणाऱ्याला परत आणि गप्प बसणाऱ्याला नाही, अशा पद्धतीत शांत माणसाचं नुकसान होतं. आणि या छंदात शांत माणसं पुष्कळ आहेत.

दुसरी चूक गटाची. चाचणी करणाऱ्या बाईंना पूर्ण टेस्ट कास्ट ठेवून घ्यायला मिळाला होता. हा मोबदला वाजवी होता. दोन वेळा इलॅस्टिक घालणं, काढणं, व्हिडिओ करणं, लिहून देणं हे बरंच काम आहे. पण ही गोष्ट गटाला नंतर कळली, आणि तेव्हा त्यांच्या अहवालावर विनाकारण शंका घेतली गेली. अहवाल बरोबरच होता, बाहुल्यांनी ते दाखवून दिलं. तरी पहिल्याच ओळीत ‘टेस्ट कास्ट माझ्याकडे राहणार आहे’ एवढं लिहिलं असतं तर शंका घेणाऱ्यांना बोलायला जागा उरली नसती.

पत्र खाजगी ठेवण्याचा निर्णय मला अजूनही अर्धा पटतो. कलाकारांना चारचौघांत न दुखावता विचार करायला वेळ मिळाला, हे त्याचं यश. पण त्याच काळात गटाबाहेरच्या कुणी टोकन दिलं असेल तर त्याला काही कळण्याचा मार्गच नव्हता. पत्र पाठवून आठवडाभर थांबणं आणि मग, उत्तर आलेलं असो वा नसो, प्रश्न जाहीर करणं, असा मधला मार्ग निघू शकला असता. दुरुस्तीवाल्यांना तो सुचवला होता. त्यांनी नकार दिला, म्हणाले, ‘मी कलाकाराला मुदत देणारा कोण?’

चेहऱ्यावर गेलेल्या दिवसांबद्दल गटात नंतर बरीच हळहळ झाली. मला ती फारशी पटत नाही. चेहऱ्यावर बोलल्याशिवाय कुणी बाहुली घेतच नाही. फक्त चेहरा आवडीचा भाग आहे आणि गुडघा जमला की नाही हे तपासता येतं. या दोन चर्चा एकाच सुरात चालल्या, त्यामुळे कलाकारांना सुरुवातीला दोन्ही सारख्याच वाटल्या. दातांबद्दलच्या नाराजीकडे जसं दुर्लक्ष केलं तसंच गुडघ्याकडेही पहिल्यांदा झालं, आणि त्यांनी ते का केलं हे समजण्यासारखं आहे.

दुसऱ्या तुकडीची बोलणी सध्या चालू आहेत. जुना बारीक गुडघा हवा असलेल्यांनी तो वेगळा पर्याय म्हणून मागितला आहे: बसवण्यापुरता, उभं राहण्याची हमी नसलेला, तसं स्पष्ट लिहून. त्यासाठी गुडघ्यांचे वेगळे साचे लागतील आणि त्यांचा खर्च तो पर्याय घेणाऱ्यांनीच उचलावा लागेल. किती जण तयार आहेत याची यादी कलाकारांनी मागवली आहे, यावेळी टोकन न घेता.